शाब्बास परत पाठव

५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाचवा महिना लागल्यावर सख्ख्या भावाला कळवतेस? पार्सल ऑफिसात नोकरी करणाऱ्या बाईची बातमी एवढी रखडावी, याला दिव्याखाली अंधार म्हणतात. असो. मामा होणार म्हणून मी दुकानात सगळ्यांना चहा पाजला. शिंपीमास्तरांनी तो भुरका मारून संपवला आणि लगेच सांगितलं, की मामा झालास म्हणून तुझी शिवण काही सरळ येणार नाही. फुकटचा चहा पिऊन वर अपमान कसा करावा, हे या माणसाकडून शिकावं. बाकी शिकण्यासारखं त्याच्याकडे काही नाही.

कॉलेज अर्ध्यात सोडल्याबद्दल तू पुन्हा अर्धं पान खर्च केलंस. ते वाया गेलं. तिथे एक गृहस्थ जांभया देत वाचून दाखवायचे आणि वर्गभर पोरं जांभया देत उतरवून घ्यायची. त्यापेक्षा लोकांच्या विजारी आखूड करणं शतपटीने बरं. विजार निदान कुणाच्या तरी अंगाला लागते.

आणि इथे ती आहे. काजं-बटणं करते, म्हणून सगळे तिला काजवाली म्हणतात. माझ्या समोरच्या स्टुलावर बसते. आजवर माझ्याशी जे काही बोलली, त्यात दोरा सरकव यापलीकडे फारसं काही नव्हतं. पण काय सांगू, तो दोरा सरकवला की माझी शिवण हातभर वाकडी जाते. अन्न जात नाही. ताटात भात बघितला की तिचे पांढरे दोरे आठवतात.

तुझं बरं आहे. तू मुळातच आमची पोतडी, त्यात आता खायचा रीतसर परवाना मिळाला. सासूबाई दोघांचं जेव, दोघांचं जेव म्हणून ताटावर डोंगर रचत असतील आणि तू समोर बसून तो सपाट करत असशील. जपून. दार रुंद करायला गवंडी महाग पडतो. तुझा एखादा जुना कुडता पाठव, मापाला. सैलसर गाऊन शिवून देतो. मास्तर झोपले की कापड माझंच.

भाऊजींना नमस्कार सांग, ते ऐकू आल्यासारखं करतील. लोभ आहे तो वाढवावा, वजन मात्र बेताने.

तुझा,
धाकटा

*

१४ मार्च

चि. काडीपैलवानास,
अ. उ. आ.

पत्र वाचून खूप हसले. पोरगी दोरा मागते आणि तू प्राण द्यायला निघतोस. तिला तुझं नाव तरी ठाऊक आहे का? फुंकर मारली तर उडशील असा तू, त्यात उपास. तिने चुकून कोट समजून तुला खुंटीला अडकवलं नाही म्हणजे मिळवली.

इकडचं ऐक. सासूबाईंनी पहिले चार महिने खरंच डोंगर रचले. मग डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं, की दोघांचं वगैरे काही जेवायचं नाही. माझं वजन आधीच जास्त, त्यामुळे नऊ महिने मिळून सात ते नऊ किलो वाढलं तरी पुष्कळ. भरमसाट वाढलं तर साखर चढते, रक्तदाब चढतो, बाळंतपण अवघड जातं. सासूबाईंचा चेहरा तुला दाखवायला हवा होता. आयुष्यभर वसतिगृहाच्या खानावळीवर राज्य केलेली बाई, आणि कालची पोरगी तिला वाढायला शिकवते!

मी मात्र मनाशी ठरवलं. कमी वाढवायचं ना? मग मी वाढवतच नाही. आमच्या ऑफिसात सकाळी शटर उघडायच्या आधी पार्सलचा मोठा काटा तपासतात. हल्ली तो तपासून झाला की हेडक्लार्क मला त्यावर उभी करतात. पावतीवाली आकडा मोठ्याने वाचते. या महिन्यात तो मागच्यापेक्षा कमी आला आणि अरे, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! पावतीवाली म्हणाली की तुझ्यासारखी जिद्द पाहिली नाही. याच बाईने मागे एकदा मी खुर्चीवर बसले तेव्हा खुर्चीला धीर दिला होता. लोक माझ्याकडे बघून टाळ्या वाजवताहेत, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

कुडता पाठवते आहे. गाऊन नीट शीव, नाहीतर मास्तरांना तुझी चोरी कळवीन. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

*

२५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाब्बास! शाब्बास! तिसऱ्यांदा शाब्बास!

याला म्हणतात जिगर. बाकीच्या बायका पोटुशी झाल्या की चरत सुटतात आणि माझी बहीण उलट खाली उतरते. अशीच उतरत राहा. बाळ झाल्यावर तुला कुणी ओळखणार नाही. आत्याबाई, काकू, त्या सगळ्या तोंडावर पदर धरून हसणाऱ्या बायका, त्यांच्यासमोर तुला बारीक होऊन मिरवताना मला एकदा बघायचं आहे. पोतडी हे नाव मी आजपासून मागे घेतो.

गाऊन पाठवतो आहे. काजं तिने केली आहेत. नीट बघ, एकेक टाका कसा मोत्यासारखा आहे. गाऊन कुणाचा म्हणून तिने विचारलं, मी बहिणीचा म्हणालो, तिने बरं म्हटलं. बरं! दोन रात्री मी त्या बरंवर काढल्या.

लोभ करण्यात हात आखडू नकोस.

तुझा,
धाकटा

*

२ मे

चि. काडीपैलवानास,
अ. उ. आ.

थोडक्यात लिहिते, बसवत नाही फार वेळ. गाऊन परत पाठवला आहे. खांदे आणि बाह्या आत घे, फार ओघळतात. पोटाशी असू दे आहे तसा.

काउंटरवर परवा जरा डोळ्यांपुढे अंधारी आली. उन्हाचे दिवस आहेत. घरात जेवणावरून रोजची कटकट चालू आहे, त्याबद्दल मला विचारू नकोस आणि कुणाला काही लिहू नकोस. हे तर अजिबातच बोलत नाहीत. भूमितीच्या वह्या तपासतात आणि मधेच माझ्याकडे बघून पुन्हा खाली मान घालतात.

तुझं शाब्बासचं पत्र जवळच ठेवलं आहे. आठवण ठेव, आणि जेवत जा.

तुझी,
ताई

*

९ मे

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि. नमस्कार रीत म्हणून घातला आहे, मनातून नाही.

माझी बहीण तुमच्या घरी आली तेव्हा तिचे दंड दंडासारखे होते. आज सातव्या महिन्यात तिच्या गाऊनच्या बाह्या आत घ्यायला माझ्याकडे आल्या आहेत. मी खडू घेऊन खुणा करायला बसलो, तर आमच्या दुकानातल्या एका मुलीने विचारलं की सातवा महिना आणि बाह्या सैल, म्हणजे तुझ्या बहिणीला सासरी खायला देत नाहीत का. भर दुकानात! माझ्या हातातला खडू मोडला.

तेव्हा मी तुम्हाला विचारतो. देत नाही का? तुमच्या मातोश्रींनी हयातभर खानावळ चालवली, तेव्हा ताटं मोजूनमापून वाढायचा हात असेलच. एका डॉक्टरीणीने दोन शब्द सुनावले म्हणून त्याचा सूड माझ्या बहिणीच्या पोटावर उगवायचा, हे कुठलं मोठेपण? आणि तुम्ही? तुम्ही पोरांना वर्तुळ शिकवता. ते काय रिकाम्या ताटावरून दाखवता? बायको समोर वाळत चालली आहे आणि नवरा वह्यांवर लाल शाईने बरोबर-चूक करतो आहे! तुमच्यापेक्षा आमच्या दुकानातला पुतळा बरा. तोही बोलत नाही, पण निदान त्याच्या अंगावर कपडे नीट बसतात.

आठ दिवसांत तिला पोटभर जेवू घातल्याचं कळलं नाही तर मी स्वतः येईन, आणि येताना मास्तरांची मोठी कात्री आणीन.

लोभ माझ्याकडचा संपला आहे. तुमच्याकडे शिल्लक असेल तर तुमच्याच घरात वापरा.

आपला (नाइलाजाने),
मेव्हणा

*

१६ मे

चि. कात्रीवाल्यास,
आशीर्वाद. मी वयाने मोठी आहे म्हणून देते. तुझी लायकी म्हणून नाही.

तुझं पत्र माझ्या मुलाच्या नावावर आलं. त्याने वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, माझ्यासमोर ठेवलं आणि फिरायला निघून गेला. भांडण दिसलं की त्याला मोकळी हवा लागते. त्याच्याबद्दल तू जे लिहिलंस त्यातलं बरंचसं खरं आहे, पण ते म्हणायचा हक्क माझा आहे. तुझा नाही.

आता माझ्याबद्दल. खानावळीत माझ्या हाताखालून शेकडो पोरी जेवून गेल्या. पोरी अन्न कुठे कुठे लपवतात ते मला विचार. रुमालात, बुटात, खिडकीबाहेर, मैत्रिणीच्या ताटाखाली. त्यांच्यापुढे तुझ्या बहिणीची युक्ती बालवाडीतली. सकाळी माझ्या हातचा डबा घेऊन जाते, संध्याकाळी लखलखीत धुतलेला परत आणते. नोकरी करणारी बाई ऑफिसात डबा घासत बसते का? गेल्या आठवड्यात मी तिच्या ऑफिसच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. गाड्या भरणारा हमाल पायरीवर बसून माझी अंडी आणि माझा भात खात होता. मला बघून म्हणाला की आजी, चव फार छान आहे. मला ठाऊक आहे छान आहे.

रात्री पोट जड झालं म्हणून ताटावरून उठते. जड! आत जे वाढायला हवं ते वाढत नाही, म्हणून काल डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. बाळ महिन्यांच्या मानाने लहान दिसतं. अजून हाताबाहेर गेलेलं नाही, पण असंच चाललं तर जाईल. त्यांनी तिला पुन्हा समजावलं, की कमी वाढव म्हणजे वाढवू नको असं नव्हे. जाड बाईनेही गरोदरपणात वजन उतरवायला बसायचं नसतं. साखर, तळकट सोडायचं, रोज चालायचं, पण डाळ, अंडी, दूध, भाज्या, भात वेळच्या वेळी पोटात जायला हवं, आणि आकडा हळूहळू वर जायलाच हवा. मी त्या बाईचं सगळं ऐकलं. दोघांचं वाढणं सोडलं. या वयात माझा मान गिळला, आणि तो गिळायला भातापेक्षा कठीण असतो. तुझ्या बहिणीने मात्र निम्मंच ऐकलं, आणि ते निम्मं तिला फार आवडलं.

कारण सांगू? तिच्या ऑफिसातली चार रिकामटेकडी माणसं तिला काट्यावर चढवून टाळ्या वाजवतात. आणि एक पाचवा आहे, तो लांबून वाजवतो. त्याचं तीनदा शाब्बास लिहिलेलं पत्र ती उशीखाली ठेवून झोपते. मी गादी झटकताना मला सापडलं. वाचून वाटलं, हे येरागबाळं आपल्याला सापडलं असतं तर खानावळीची भांडी घासायला लावलं असतं.

माझं ती ऐकत नाही, मी सासू. नवऱ्याचं ऐकायचं तर नवऱ्याने आधी बोलायला हवं. ऐकते ती तुझं. तेव्हा कात्री राहू दे, लेखणी उचल. काय लिहायचं ते तुला कळत नसेल तर त्या दुकानातल्या मुलीला विचार, तिला तुझ्याहून अक्कल दिसते.

लोभाचं मी काही लिहीत नाही. आधी कामाला लाग.

तुझ्या बहिणीची सासू

*

२२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ती तीन शाब्बास परत पाठव. आजच. पत्र फाडून पाठव किंवा चुरगळून पाठव, पण तुझ्या उशीखाली ते एक रात्रही राहता कामा नये. ते लिहिणारा गाढव होता आणि ते उशाशी घेऊन झोपणारी त्या गाढवाची थोरली बहीण शोभते.

सासूबाईंचं पत्र आलं. कशावरून ते विचारू नकोस, भाऊजींना विचार, सांगितलं तर. ते मी काजवालीला वाचायला दिलं, म्हणजे तिने हिसकावून घेतलं. ती हसत सुटली. हमालापाशी आली तेव्हा हातातली सुई खाली पडली. पुढे बाळाचं आलं तेव्हा हसू थांबलं आणि तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी त्यापेक्षा मास्तरांच्या शिव्या खाल्ल्या असत्या. म्हणाली, बहीण कौतुकासाठी उपाशी आणि भाऊ कुणा पोरीसाठी, काय दळभद्री घराणं आहे! आणि वर हेही, की हाडांच्या सांगाड्यांशी गप्पा मारायची तिला सवय नाही. कोण ती पोरगी हे तिला पहिल्यापासून कळलं होतं म्हणे. तेव्हा माझा उपास संपला. आज दोनदा भात घेतला. पुन्हा हसायचं नाही.

आता तुझं. त्या हेडक्लार्कला मी ओळखतो, मागे तुझ्याकडे आलो तेव्हा पाहिला होता. रिकामं खोकं उचलताना तो कण्हतो. आणि पावतीवाली, जिला तीन वाक्यं लिहायला दोन पेनं लागतात. या माणसांच्या टाळ्यांवर तू पोटातलं लेकरू वाढवणार? टाळीत काय असतं ग? दूध असतं? लोखंड असतं? त्यांच्या हातांना दुसरं काम नाही म्हणून ते हात एकमेकांवर आपटतात आणि तू तेवढ्यावर महिनाभर जगतेस. उद्या ते बाळ एवढंसं जन्मलं तर हीच माणसं हळहळायला सगळ्यांत पुढे असतील. त्यातही पावतीवाली वजन मोठ्याने वाचून दाखवील.

तू जाड आहेस. आहेस. मी ते आयुष्यभर ओरडून सांगितलं, आता गुपित काय राहिलं? डॉक्टरीणीलाही ठाऊक आहे, आणि तरी ती म्हणते वाढ. बेताने वाढ, पण वाढ. एवढी शिकलेली बाई तुझ्यासारखीला काट्यावर वर चढायला सांगते आणि तू विजारी आखूड करणाऱ्या पोराचं ऐकतेस! ज्याने कॉलेज सोडलं, ज्याला बरं या एका शब्दावर दोन रात्री झोप येत नाही, त्याचं! माणूस निवडायची तुझी अक्कल बघून मला तुझ्या नोकरीची काळजी वाटते. पार्सलं कुठल्या गावाला पाठवतेस कोण जाणे.

गाऊन पाठवला आहे. एक टाकाही आत घेतलेला नाही. बाह्या जशा होत्या तशा आहेत. त्या भरायचं काम तुझं.

आणि ताई, ऐक. मला भाचरू हवं आहे. बारीक झालेली बहीण मला काय करायची आहे? मी तिला ओळखत नाही.

राग आला तर येऊ दे, रागावर जेव. लोभ नंतर बघू.

तुझा,
धाकटा

*

२४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

महिनाभर पत्र लिहिलं नाही, कारण तुझं तोंड बघायची इच्छा नव्हती आणि पत्रातही ते दिसतं. जाड आहेस, आहेस, असं कुणी लिहितं का? वाचून मी तुझं ते शाब्बासचं पत्र फाडलं, मग हे फाडायला घेतलं, तेवढ्यात सासूबाईंनी समोर ताट ठेवलं. खरंच रागावर जेवले. त्या नुसत्या समोर बसून राहिल्या आणि मी हात धुवायला उठले तेव्हा म्हणाल्या, की असला राग रोज येवो.

यांनीही त्या दिवसापासून एक केलं. संध्याकाळी वह्या मिटून माझ्याबरोबर चालायला येतात. बोलत नाहीत, पण येतात. परवा नाक्यापर्यंत गेल्यावर अचानक म्हणाले की तुझा भाऊ उद्धट आहे आणि बरोबर आहे. लग्न झाल्यापासूनचं यांचं सर्वांत मोठं भाषण.

परवा तपासणी झाली. मी महिन्यात सव्वा किलोने वर आहे. बाळाने मागचं बरंच भरून काढलं आहे, आता आपल्या महिन्यांच्या मापात आलं आहे. डॉक्टरीणबाई हसल्या आणि लगेच सासूबाईंना बजावलं की आता हुरळून डोंगर रचू नका. सासूबाईंनी मला रिक्षात विचारलं, की ही पोरगी लहानपणी कुठल्या खानावळीत जेवली असेल, एवढी आगाऊ.

खरी गंमत ऑफिसात झाली. मी मधे काही दिवस काट्यावर चढलेच नव्हते. काल शटर उघडायच्या आधी हेडक्लार्कनी फारच आग्रह केला. म्हटलं चला. चढले. पावतीवालीने आकडा वाचायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. कुणी टाळी वाजवली नाही. सगळे असे उभे, जसं कुणाचं काही बरंवाईट झालं आहे. मग हेडक्लार्क हलक्या आवाजात म्हणाले की असू दे, एखाद्या महिन्यात होतं असं, मन खचू देऊ नका. आणि पावतीवालीने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांत्वन केलं. सांत्वन, अरे! माझं बाळ वाढलं म्हणून!

मला लाज वाटेल असं वाटलं होतं. तिथे उभं राहून मी वाट बघत होते लाज वाटायची. ती आलीच नाही. त्या माणसांची तोंडं बघून एवढी कीव आली, की वाटलं यांच्यासाठी मी उपाशी राहिले?

तुला ठाऊक नसेल, नऊ वर्षांत मी या ऑफिसात कुणासमोर जेवले नाही. गोदामात, खोक्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून दोन मिनिटांत उरकायचं. जाड बाईच्या घासाकडे लोक कसे बघतात ते तुला काडीला नाही कळायचं. काल मी काट्यावरून उतरले, माझं स्टूल ओढून भर काउंटरवर मधोमध घेतलं आणि डबा उघडला. शटर वर गेलं होतं, बाहेर रांग लागली होती. हेडक्लार्क म्हणाले की अहो, आत्ता? मी म्हटलं आत्ता, भूक आत्ता लागली आहे. अंडी होती, डाळभात होता, काकडी होती. सावकाश जेवले. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने माझ्या पोटाकडे बघितलं आणि मागच्या माणसाला सांगितलं की थांबा जरा, जेवू द्या तिला. पावतीवाली माझ्याकडे टक लावून बघत होती. मीही तिच्याकडे बघत जेवले. शेवटी तिनेच नजर खाली केली.

हमाल मागच्या दाराशी वाट बघून परत गेला. त्याला वाईट वाटलं असेल, पण त्याला काय, त्याला कुणी काट्यावर चढवत नाही.

काजवालीला माझा आशीर्वाद सांग. आणि तिच्याशी बोलताना दोऱ्याकडे नाही, तिच्याकडे बघ. आता पुरे करते, जेवायची वेळ झाली. लोभ आहेच, तुझ्यासारख्यावरसुद्धा.

तुझी,
ताई